टिपणांच्या ढिगातून भाषणाकडे: लिहायला बसण्याआधी आराखडा कसा बांधावा

वाचनालयाची व्याख्यानमाला असो, वक्तृत्व स्पर्धा असो, पॉडकास्टचा भाग असो की माहितीपटाची संहिता, तयारी बहुतेकांची एकाच ठिकाणी अडते. वाचन भरपूर झालेलं असतं. वहीत टिपणं असतात, मोबाइलमध्ये पुस्तकांच्या पानांचे फोटो असतात, ब्राउझरमध्ये टॅबची रांग लागलेली असते. मग लिहायला बसलं की एक तर पहिलं वाक्यच सुचत नाही, नाही तर लेखणी थांबत नाही आणि वीस मिनिटांच्या भाषणाचा मजकूर पाऊण तासाचा होतो.

याचं कारण साधं आहे. आपण ज्या क्रमाने वाचलं त्याच क्रमाने ते डोक्यात बसलेलं असतं, आणि तो क्रम ऐकणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. छापील लेखाचा वाचक दोन पानं मागे जाऊन नाव पुन्हा पाहू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. एक दुवा निसटला की पुढची पाच मिनिटं तो नुसता समोर बसलेला असतो. म्हणून कानासाठी लिहायचं असेल तर मजकुराआधी आराखडा हवाच, असं माझं ठाम मत आहे.

आराखडा म्हणजे 'प्रस्तावना, पार्श्वभूमी, कारणं, परिणाम, समारोप' अशी पाच शीर्षकं लिहून काढणं नव्हे. ही शीर्षकं कुठल्याही विषयाला चालतात, त्यामुळे ती आपल्या विषयाबद्दल काहीच ठरवत नाहीत. मी ज्या आराखड्याबद्दल लिहितो आहे त्यातली प्रत्येक ओळ पूर्ण विधान असते: कोणी काय केलं, त्यामुळे काय झालं. असा आराखडा बांधताना सगळ्यात मोठं काम होतं ते गाळण्याचं.

हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. विषय: १८९६-९७ चा मुंबई-पुण्यातला प्लेग. स्वरूप: वीस मिनिटांचं व्याख्यान, आणि पुढे त्याच सामग्रीवर आठ मिनिटांच्या व्हिडिओची संहिता. हा विषय मुद्दाम घेतला, कारण त्यात वैद्यक आहे, राजकारण आहे, शहराचा इतिहास आहे, मोठमोठी नावं आहेत. सगळंच सांगावंसं वाटतं, आणि तिथेच भाषण बुडतं.

वाचतानाच चिठ्ठ्या करा

आराखड्याची खरी तयारी वाचनाच्या पहिल्या दिवशी सुरू होते. वहीत सलग टिपणं काढू नका, कारण सलग टिपणं नंतर हलवता येत नाहीत. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा. कागदाची चिठ्ठी असो, पोस्टकार्डाएवढं कार्ड असो, स्प्रेडशीटमधली एक ओळ असो, नियम तोच. मला स्वतःला कागद बरा वाटतो, कारण तो जमिनीवर पसरता येतो. पण दोनशेच्या वर चिठ्ठ्या होणार असतील तर स्प्रेडशीट घ्या, शोधणं सोपं जातं.

प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यात. तुमच्या शब्दांत ती माहिती. ती कुठे मिळाली, पान क्रमांकासह. ती कोणत्या तारखेची. आणि तिच्या खात्रीची खूण. खूण मी तीन प्रकारची करतो: दोन स्वतंत्र ठिकाणी मिळालं तर 'पक्कं', एकाच ठिकाणी मिळालं तर 'एकच', आणि संदर्भ एकमेकांशी जुळत नसतील तर 'वाद'. कुणाचे मूळ शब्द उतरवून घेतले असतील तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथे घाला. महिन्याभराने आपलं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं, हे कुणालाच आठवत नाही, आणि दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून व्यासपीठावरून बोललं जातं.

तारखेचा रकाना का, ते प्लेगच्या उदाहरणात चांगलं दिसतं. पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख रँड याचा खून २२ जून १८९७ ला झाला, असं सरसकट बोललं जातं. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या त्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, लेफ्टनंट आयर्स्ट तिथेच मेला, आणि रँड ३ जुलैला मेला. या तीन गोष्टींच्या तीन चिठ्ठ्या केल्या तर बोलताना गफलत होत नाही. 'रँडचा खून, जून १८९७' अशी एकच चिठ्ठी केली तर सभागृहातला जाणकार श्रोता तिथेच तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो.

तारखांचा दुसरा उपयोग त्याहून महत्त्वाचा. कोणाला काय, कधी ठाऊक होतं, हे त्यातून कळतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येरसँ यांनी शोधला होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्याचे अधिकारी गटारं धुत होते, घरांत जंतुनाशकं शिंपडत होते, सामान जाळत होते, तेव्हा पिसवांचा दुवा त्यांच्या समोर नव्हता. 'उंदीर मारायचं सोडून सरकार घरं धूत बसलं' असं टाळ्या घेणारं वाक्य सुचलंच, तर तारखेची चिठ्ठी तुमचा हात धरते.

चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर एक मोहही होतो, त्याबद्दल आधीच सावध करतो. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरझडती सुरू झाली ती मार्च १८९७ मध्ये. सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या त्या १० मार्च १८९७ ला. एकाच महिन्याच्या दोन चिठ्ठ्या पाहून 'म्हणून' हा शब्द तोंडात येतो. दोन घटना शेजारी आहेत, एवढंच चिठ्ठ्या सांगतात. जोडणारा पुरावा वेगळा लागतो.

वेळ आणि श्रोते ठरवा, मग गाभा

विषयाला पुरेल एवढं वाचन कधीच होत नाही. पण वेळेला पुरेल एवढं होतं. म्हणून चिठ्ठ्या साठत असतानाच हिशेब करा. घड्याळ लावून एखादं मराठी पान मोठ्याने, सभेत वाचाल तसं वाचा आणि मिनिटाला किती शब्द होतात ते मोजा. समजा शंभर-एकशेदहा होतात. मग वीस मिनिटांत दोन हजार ते बावीसशे शब्द बसतात, आणि श्वास, विराम, पाण्याचा घोट धरून हाताशी अठराशे-एकोणीसशे उरतात. एवढ्या शब्दांत चार-पाच मोठे मुद्दे मावतात. सहावा घुसवला की सगळेच अर्धवट राहतात.

श्रोते कोण आहेत हेही कागदावर लिहा. निवृत्त शिक्षकांनी भरलेल्या सभागृहाला रँडवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू सांगावे लागत नाहीत. नववी-दहावीच्या मुलांना सांगावे लागतात. टोरांटो किंवा दुबईच्या महाराष्ट्र मंडळात बोलायचं असेल तर मांडवी म्हणजे मुंबई बंदराजवळची धान्याच्या वखारींची दाट वस्ती, हे अर्ध्या वाक्यात सांगावं लागतं. त्या अर्ध्या वाक्याची जागाही आराखड्यातच ठरते.

आता सगळ्यात अवघड पायरी. सगळ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि एका वाक्यात लिहा: ऐकून घरी जाणाऱ्याने घरच्यांना काय सांगावं? हे वाक्य म्हणजे भाषणाचा गाभा. पहिल्या फटक्यात ते बरोबर येत नाही, म्हणून तीन-चार करून पाहा.

प्लेगबद्दल पहिलं वाक्य असं येईल: '१८९६-९७ च्या प्लेगने मुंबई-पुण्यात हाहाकार माजवला.' हे खरं आहे, पण यावर कुणीच 'कशावरून?' असं विचारणार नाही. ज्यावर प्रश्न येत नाही त्या वाक्याला पुरावा लागत नाही आणि पुरावा लागत नसेल तर कोणती चिठ्ठी घ्यायची आणि कोणती टाकायची, हेही ते सांगत नाही. दुसरं: 'प्लेगमुळे मुंबईची नगररचना बदलली.' हे चांगलं वाक्य आहे. त्यातून शहराची सुधारणा करण्यासाठी १८९८ मध्ये नेमलेला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती असं व्याख्यान उभं राहतं. पण मग पुणं जवळजवळ बाहेर जातं. तिसरं: 'सक्तीच्या उपायांची धास्ती रोगाच्या धास्तीइतकी वाढली, लोक रुग्ण लपवू लागले, आणि साथ आटोक्यात आणणं आणखी अवघड झालं.'

मी तिसरं घेतो. त्यावर हरकत घेता येते, ते मुंबई आणि पुणं दोन्हींना धरतं, आणि ते सिद्ध करायला काय काय लागेल हे लगेच दिसतं: सक्ती नेमकी कोणती, धास्ती कशावरून, लपवण्याचा पुरावा काय, सक्तीशिवाय काही चाललं होतं का. बघा, प्रश्नांच्या रूपाने आराखडा निम्मा तयारही झाला.

चिठ्ठ्या पसरा, गठ्ठे लावा

गाभ्याचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा आणि प्रत्येक चिठ्ठी उचलून तिला विचारा: तू या वाक्याला उचलून धरतेस, त्याला छेद देतेस, की दोन्ही नाही? पहिल्या दोन प्रकारच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. छेद देणाऱ्या विशेष जपायच्या, कारण श्रोत्यांतून येणारा प्रश्न बहुधा त्यांच्यातूनच येतो. तिसऱ्या प्रकारच्या एका वेगळ्या पाकिटात.

या पाकिटात टाकताना जीव तुटतो. मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ होती आणि १९०१ मध्ये ७,७६,००६, म्हणजे वाढत्या शहराची माणसं दहा वर्षांत घटली. या आकड्यांवर श्रोते थबकतात. पण आपल्या गाभ्यात मृत्यू, पळून गेलेले लोक आणि दुष्काळ यांचा एकत्र हिशेब नाही. हा आकडा घ्यायचाच असेल तर 'लोक शहर सोडून गेले' या मुद्द्याखाली, एका वाक्यात, आणि घट फक्त पळून जाण्याने झाली असं सुचू न देता. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चिठ्ठ्या मात्र पूर्णपणे पाकिटात. टिळकांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा ही चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बसावं लागेल. खटल्याची हकीकत सुरू केली की ती सहा मिनिटं खाते आणि भाषण प्लेगवरून वृत्तपत्रस्वातंत्र्यावर जातं. मी ती टाकली. दुसरा वक्ता ठेवील, पण त्याचा गाभा वेगळा असेल.

उरलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावताना क्रमाचा प्रश्न येतो. पहिला सुचणारा क्रम कालक्रम. ऐतिहासिक विषयाला तो सुरक्षित असतो आणि श्रोताही हरवत नाही, पण 'त्यानंतर, त्यानंतर' करत भाषण सपाट होतं. दुसरा क्रम विषयवार: वैद्यक, कायदा, समाज. त्यात तारखा मागेपुढे उड्या मारतात आणि कानाला ते झेपत नाही. तिसरा क्रम प्रश्न-उत्तराचा: एक अडचण मांडायची, तिच्यावर केलेला उपाय सांगायचा, त्या उपायातून निघालेली नवी अडचण सांगायची.

आपल्याकडे आणखी एक जुना आणि तावून-सुलाखून निघालेला क्रम आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होतं, विचार मांडला जातो. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावला जातो, मंडळी सावरून बसतात. मग उत्तररंगात आख्यान, आणि आख्यानातून तोच विचार पुन्हा उभा राहतो. तासन्तास बसलेल्या, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या शिक्षणाच्या श्रोत्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेली ही रचना आहे. लांब व्याख्यानाला ती फार चांगली लागू पडते: आधी पाच-सात मिनिटं विचार, मधे थांबा, मग एकाच घटनेची सविस्तर कथा. मराठी वक्त्यांनी ती अधिक वापरावी असं मला मनापासून वाटतं. वीस मिनिटांच्या आतल्या भाषणाला मात्र दोन रंगांत विभागायला जागा अपुरी पडते. म्हणून इथे मी प्रश्न-उत्तराचा क्रम घेतो. घटना मुळातच तशा घडल्या असल्याने तो कालक्रमाशीही बराचसा जुळतो.

शीर्षकाऐवजी वाक्य

आता प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायचं, आणि नाव पूर्ण वाक्य हवं. 'सरकारी उपाय' असं लिहिलंत तर लिहिताना त्याखाली काहीही येऊ शकतं. 'उपाय थेट घरात शिरले' असं लिहिलंत तर आत काय येईल आणि काय येणार नाही, ते तिथेच ठरतं. उदाहरणाचा आराखडा असा होईल:

१. रोग ओळखता आला, पण तो पसरतो कसा हे ठाऊक नव्हतं. (३ मिनिटं)
अ. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचं निदान केलं.
आ. जंतू सापडलेला होता, पिसवेचा दुवा मात्र १८९८ चा.
इ. म्हणून सगळा जोर घाण, घरं आणि रुग्ण हलवणं यांवर आला.

२. उपाय थेट घरात शिरले. (४ मिनिटं)
अ. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबई महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार घेतला.
आ. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा सरकारला फार मोठे अधिकार देऊन गेला.
इ. मार्चपासून पुण्यात रँडच्या समितीने सैनिकांकरवी घरझडती घेतली.

३. लोक पळाले, रुग्ण लपवू लागले आणि काही ठिकाणी उठले. (५ मिनिटं)
अ. मुंबईतून माणसांची रीघ गावाकडे लागली.
आ. घरातला रुग्ण आणि मृत्यू लपवला जाऊ लागला.
इ. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.
ई. २२ जून १८९७, गणेशखिंड.
उ. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल.

४. त्याच काळात सक्तीशिवायही काम चाललं होतं. (४ मिनिटं)
अ. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, राजी झालेल्या कैद्यांना टोचली.
आ. सावित्रीबाई आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली.

५. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली. (२ मिनिटं)

बेरीज अठरा. दोन मिनिटं सुरुवात आणि शेवटाला ठेवली आहेत. प्रत्येक ओळीशेजारी त्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहा, म्हणजे लिहिताना मूळ संदर्भ शोधत बसावं लागत नाही.

आता फक्त १ ते ५ ही पाच वाक्यं सलग वाचा. ती एका दमात वाचून एक छोटी, पटणारी गोष्ट तयार झाली पाहिजे. मधलं एखादं वाक्य काढलं तरी गोष्ट तशीच राहत असेल तर तो मुद्दा भाषणात नको. इथे पाचवा काढून पाहिला तर गोष्ट तुटत नाही, पण गाभ्यातला दावा अर्धा राहतो: सक्तीने काम अवघड झालं, हे पुढे राज्यकर्त्यांच्या वागण्यातूनही दिसलं, असं तो मुद्दा सांगतो. म्हणून तो ठेवला, लहान करून.

आराखड्यातली भोकं

आराखड्याने केलेली सगळ्यात मोठी मदत म्हणजे तो भोकं दाखवतो. वरच्या आराखड्यात ३-आ पाहा. रुग्ण लपवणं हा भाषणाचा कणा आहे, आणि समजा त्याखाली एकच चिठ्ठी निघाली, तीही सरकारी अहवालातली. म्हणजे लोक लपवत होते, हे ज्यांच्यापासून लपवलं जात होतं त्यांनीच सांगितलेलं. एवढ्यावर व्याख्यान उभं करू नये.

आता पुन्हा वाचायला जायचं, पण या वेळी नेमका प्रश्न घेऊन. त्या काळची मराठी वृत्तपत्रं पाहायची: 'केसरी'चे १८९७ चे अंक, इतर पत्रांतला पत्रव्यवहार. मुंबईत महाराष्ट्र राज्य पुरालेखागार आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, एशियाटिक सोसायटी आहे. पुण्यात जुन्या वाचनालयांमधून त्या काळची नियतकालिकं मिळतात. ब्रिटिश सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला करवून घेत असे. ते वाचायला सोपे आहेत, पण काय निवडायचं आणि कसं भाषांतर करायचं हे सरकारी भाषांतरकाराने ठरवलेलं होतं, हे चिठ्ठीवर नोंदवूनच वापरा. मूळ मराठी मजकूर हाती लागला तर तोच घ्या.

प्रश्न घेऊन गेलात की दोन तासांत जे हाती लागतं ते प्रश्नाशिवाय दोन आठवड्यांतही लागत नाही. म्हणून निम्मं वाचन झाल्यावरच पहिला कच्चा आराखडा करावा. 'सगळं वाचून झालं की मग आराखडा' असं ठरवणाऱ्याचं वाचन संपत नाही.

भोक भरलंच नाही तर? मग मुद्दा लहान करा, किंवा विधान पुराव्याएवढं आखूड करा. 'लोक सर्रास रुग्ण लपवत' याऐवजी 'रुग्ण लपवले जात असल्याची तक्रार अधिकारी वारंवार करत होते'. हे दुसरं वाक्य तितकं जोरदार नाही, पण कुणी उभं राहून संदर्भ विचारला तर तुम्हाला तो देता येतो.

सांधे

एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाणारं वाक्य आराखड्यातच लिहून ठेवा. भाषणात माणसं हरवतात ती बहुतेक वेळा याच जागी. १ वरून २ वर जाताना: 'रोग घाणीत आहे असं मानलं, की तो शोधायला घरातच शिरावं लागतं.' २ वरून ३ वर: 'दारावर उभ्या असलेल्या सैनिकाला घरातली बाई काय सांगेल?' ३ वरून ४ वर जाणं अवघड आहे, कारण सूर बदलतो. हिंसेच्या प्रसंगानंतर लगेच हाफकिन आले तर श्रोता मागेच राहतो. तिथे मी एक वाक्य आणि एक मोठा विराम ठेवतो, आणि आराखड्यात चौकटीत 'थांबा' असं लिहून ठेवतो.

सांधा सुचत नसेल तर बहुधा क्रम चुकलेला असतो. शब्द शोधत बसण्यापेक्षा दोन मुद्द्यांची जागा बदलून पाहा.

लिहिण्याआधी बोलून पाहा

आराखडा हातात घेऊन, एकही ओळ न लिहिता, घरातल्या कुणाला तरी विषय सांगा. विषयाचा जाणकार नको. रेकॉर्डिंग चालू ठेवा. दहा मिनिटांनी थांबा आणि त्यांना विचारा, 'मी काय सांगितलं?' ते जे वाक्य सांगतील ते तुमच्या गाभ्याच्या वाक्याशेजारी लिहा. ते म्हणाले 'चापेकरांनी रँडला मारलं', तर तुमचा तिसरा मुद्दा बाकीच्यांना गिळतो आहे. तो प्रसंग इतका ओळखीचा आणि इतका नाट्यमय आहे की तोच लक्षात राहतो. उपाय: त्याला एक मिनिटाच्या वर जागा देऊ नका आणि त्याआधी रुग्ण लपवण्याचा एखादा ठोस प्रसंग सावकाश सांगा.

हे रेकॉर्डिंग पुसू नका. बोलताना आपोआप आलेली वाक्यं लिहून काढलेल्या वाक्यांपेक्षा अनेकदा सरस असतात. ती उतरवून घ्या आणि भाषणात जशीच्या तशी ठेवा. 'सदर उपाययोजनेच्या अंमलबजावणीदरम्यान' असलं काही तोंडाने कुणीच बोलत नाही.

संहिता असेल तर

त्याच सामग्रीची आठ मिनिटांची व्हिडिओ संहिता करायची तर आराखडा पुन्हा बांधावा लागतो. भाषण कापून संहिता होत नाही. कागद उभा दुभागा: डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. मग प्रत्येक वाक्याला विचारा, हे दाखवता येईल का? दाखवता येत असेल तर निवेदनातून काढा. प्लेगच्या वेळची रुग्णालयं, घरझडतीची पथकं, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी यांची छायाचित्रं आहेत. ती पडद्यावर असताना 'पथकं घरात शिरत' हे सांगण्याची गरज उरत नाही. त्या जागी चित्रात न दिसणारं सांगा: कायदा कोणता, तारीख कोणती, दाराआडचे लोक काय करत होते. कोणतं छायाचित्र कोणत्या शहरातलं, हे तपासल्याशिवाय लावू नका. कराचीचा फोटो पुण्याच्या निवेदनावर चालून जातो असं वाटतं, पण तो पुरावा म्हणून खोटा ठरतो. छायाचित्र वापरण्याचे हक्क आहेत का, हाही एक रकाना ठेवा.

पाच मुद्द्यांपैकी संहितेत तीनच बसतील. मी १, २ आणि ३ एकत्र करून एक सरळ रेषा केली असती, ४ ठेवला असता आणि ५ ला पडद्यावर येणारी एक ओळ दिली असती. पॉडकास्ट असेल तर उलटं: डोळ्यांचा आधार नसल्याने नावं आणि तारखा कमी, प्रसंग जास्त. एका मिनिटात दोनपेक्षा अधिक नवी नावं कानाला झेपत नाहीत.

सुरुवात, शेवट आणि हातातलं टाचण

सुरुवात शेवटी लिहा. आराखडा पक्का झाल्यावर त्यातल्याच एका ठोस चिठ्ठीने भाषण उघडा. इथे मी आर्थर रोडचा २९ ऑक्टोबर १८९६ चा प्रसंग पुढे आणीन: आजारी माणसांना बरं करायला उघडलेल्या रुग्णालयावर कामगारांचा जमाव चालून का गेला? प्रश्न टाकायचा आणि उत्तर न देता मांडवीच्या निदानाकडे वळायचं. मग ३-इ मध्ये तो प्रसंग पुन्हा सांगायचा नाही, फक्त बोट दाखवायचं. आराखड्यात तशी खूण करून ठेवली नाही तर एकच घटना दोनदा सांगितली जाते.

मजकूर लिहून झाल्यावर व्यासपीठावर तो नेऊ नका, टाचण न्या. आराखड्याची पाच वाक्यं, चार सांधे, तारखा आणि नावं, बस. मोठी अक्षरं, एकाच बाजूला लिहिलेला कागद, कोपऱ्यात पानाचा क्रमांक आणि प्रत्येक मुद्द्यासमोर घड्याळात किती वाजलेले असावेत तो आकडा. ६ वाजता सुरुवात असेल तर दुसऱ्या मुद्द्यासमोर ६.०४, चौथ्यासमोर ६.१३. तिसऱ्या मुद्द्यावर उशीर झालेला दिसला तर काय गाळायचं, तेही आधीच कंसात घालून ठेवा. माझ्या आराखड्यात मार्च १८९८ ची दंगल कंसात आहे.

वक्त्याने संदर्भांची एक वेगळी चिठ्ठी खिशात ठेवावी. प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर 'कुठेतरी वाचलं होतं' असं म्हणावं लागू नये.

आणि पाकिटातल्या चिठ्ठ्या फेकू नका. पाकिटावर विषय आणि तारीख लिहून ठेवा. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या गठ्ठ्याला त्याचं गाभ्याचं वाक्य आधीच मिळालेलं आहे. त्यावर बोलायचं आमंत्रण आलं तर पहिली पायरी झालेली असेल, आणि थेट भोकं शोधण्यापासून सुरुवात करता येईल.